सूर्यास्तानंतरचा अर्धा तास

पेनसिल्व्हेनियात रायफलनं हरणाची शिकार करायची वेळ कायद्यानं बांधून दिली आहे. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरुवात, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानं शेवट. नोव्हेंबरच्या अखेरीस पॉटर काउंटीच्या डोंगरांत सूर्य पाच वाजायच्या आतच बुडतो. मग सगळं जंगल एका रंगाचं होतं. ओकचं खोड, वाळलेलं नेचं, हरणाची पाठ, सारं करडं. व्हाइटटेल हरीण हिंडायला बाहेर पडतं तेही याच सुमारास. दिवसभर हेमलॉकच्या दाटीत रवंथ करत बसलेला नर उठतो, कानोसा घेतो, चार पावलं टाकतो, पुन्हा थबकतो. मचाणावरच्या माणसाला तो दिसतो, पण नुसतं दिसून भागत नाही. तो नरच आहे ना, शिंगाला कायद्यानं मागितलेली टोकं आहेत ना, पुढच्या पायामागची जागा फांदीआड नाही ना, पलीकडच्या उतारावर कुणी माणूस नाही ना, एवढं सगळं पक्कं कळल्याशिवाय चापाकडे बोट न्यायचं नसतं.

रायफलवरच्या दुर्बिणीसाठी पैसे कशाचे मोजायचे, याचं अर्धं उत्तर या उजेडात आहे. उरलेलं अर्धं त्या नळीच्या पोटात दडलेल्या एका स्प्रिंगमध्ये आहे, आणि दुकानाच्या काउंटरवर त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय कायद्यापुरता संपला, आणि ते योग्यच झालं. अमेरिकेत गोष्ट वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारासाठी केलेल्या बेसुमार कत्तलीमुळे व्हाइटटेल देशभरात काही लाखांवर आलं होतं; आज ती संख्या काही कोटींत मोजतात. मधल्या काळात परवाने आले, ठरावीक हंगाम आले. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं रायफली आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांना वन्यजीवांसाठी मिळू लागला. पेनसिल्व्हेनियाचं गेम कमिशन तर १८९५ पासूनचं. लांडगा आणि प्यूमा या भागातून केव्हाच नाहीसे झाले आहेत. हरणं फार वाढली की ओकची कोवळी रोपं उरत नाहीत, हे इथल्या कुठल्याही जंगलात खाली वाकून पाहिलं की कळतं. शिकार करावी की नाही, हा वाद माझ्या घरातही होतो. पण ती होतच असेल, तर जनावर एका बारात, त्याला कळायच्या आत मरावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. या लेखात किमती, काचा आणि मिलिमीटर यांची बरीच चर्चा आहे. तिच्या मुळाशी माझी आस्था एवढीच आहे.

माझा पिट्सबर्गमधला एक मित्र सांगलीकडचा, पेशानं इंजिनियर. कॉलेजात असताना एनसीसीत पॉइंट टू-टू चालवलेली, उघड्या माशीवर नेम धरायची सवय. इथे आल्यावर शेजारच्या निवृत्त पोलाद-कामगाराबरोबर पॉटर काउंटीतल्या त्यांच्या शिकारीच्या कॅम्पवर जाऊ लागला, हंटर एज्युकेशनचा कोर्स केला आणि थर्टी-ऑट-सिक्स काडतुसाची एक जुनी बोल्ट-ॲक्शन रायफल घेतली. मागच्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. ‘‘ताई, नवीन स्कोप घ्यायचाय. पाचशे डॉलरांत बसवायचंय सगळं. तुम्ही त्या दुकानवाल्यांशी बोलता, जरा नीट चौकशी कराल का?’’ मी चौकशी केली. उन्हाळाभर दुकानं, रेंज आणि एका बंदूक-कारागिराचं वर्कशॉप असं फिरणं झालं.

आधी बाजार समजून घ्यावा लागतो. शंभर डॉलरच्या आतल्या दुर्बिणी प्लास्टिकच्या खोक्यात रायफलीबरोबरच मिळतात. दीड-दोन हजारांच्या वर स्वारोव्स्की आणि त्यांच्या पंक्तीतली युरोपियन मंडळी. यांच्या मधला, साधारण तीनशे ते आठशे डॉलरचा, म्हणजे रुपयांत पंचवीस हजारांपासून सत्तर हजारांपर्यंतचा पट्टा हा खऱ्या गर्दीचा. ओरेगनमधल्या बीव्हर्टनची ल्यूपोल्ड इथे आहे. त्यांची व्हीएक्स-फ्रीडम तीनशेच्या आसपास, व्हीएक्स-३एचडी पाचशेच्या वर. विस्कॉन्सिनमधल्या बार्नेव्हेल्डची व्हॉर्टेक्स आहे, तिची डायमंडबॅक आणि वायपर ही नावं प्रत्येक रेंजवर ऐकू येतात. कोलोरॅडोतल्या ग्रीलीची बरिस आहे. चेक प्रजासत्ताकातल्या प्रशेरॉव्हची मेओप्टा आहे. ती १९३३ पासून काचेच्या धंद्यात. पट्ट्याच्या वरच्या टोकाला झाइसची कॉन्क्वेस्ट व्ही४. निकॉन या बाजारात वर्षानुवर्षं होती, तिची बकमास्टर्स आणि मोनार्क अजून कितीतरी रायफलींवर दिसतात, पण २०१९च्या अखेरीस तिनं रायफलच्या दुर्बिणींचा धंदाच सोडला. इतका चुरशीचा हा पट्टा आहे.

सामान्य माणसाला परवडेल अशी दुर्बीण अमेरिकेत आणली ती विल्यम वीव्हरनं. १९३० मध्ये केंटकीतल्या न्यूपोर्टला त्यानं मॉडेल ३३० बनवायला घेतलं. किंमत १९ डॉलर. तोवर चांगली दुर्बीण म्हणजे जर्मनीहून आलेली, श्रीमंतांची. पुढे वीव्हरचा कारखाना टेक्ससमधल्या एल पासोला गेला आणि दुसऱ्या महायुद्धात हीच साधी दुर्बीण लष्कराच्या स्प्रिंगफील्ड स्नायपर रायफलींवर बसली. त्या काळच्या सगळ्याच दुर्बिणींचा एक शाप होता. थंडी-पावसात आतून वाफ धरायची. मार्कस ल्यूपोल्डचं हरीण अशाच धुकटलेल्या काचेमुळे हुकलं आणि ‘याहून चांगली मी बनवेन’ असं तो तावातावानं म्हणाला, ही गोष्ट त्या कंपनीत आजही सांगतात. १९४७ मध्ये त्यांची पहिली रायफल-दुर्बीण, प्लेन्समन, आली. नळीतली दमट हवा काढून कोरडा नायट्रोजन भरायचा, ही युक्ती त्यांनी रूढ केली. आज तीनशे डॉलरच्या दुर्बिणीत ती गृहीतच धरलेली असते. कडेला जाड आणि मध्यावर बारीक होणारं ड्युप्लेक्स क्रॉसहेअरही त्यांचंच, १९६२चं. अंधूक उजेडात नजर आपोआप मध्याकडे नेणारी इतकी साधी गोष्ट मला या सगळ्या धंद्यात दुसरी दिसली नाही.

आता उजेड. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत पुढचं भिंग, मधली उलटी प्रतिमा सुलटी करणारी भिंगं, डोळ्याजवळची भिंगं मिळून असे दहा तरी पृष्ठभाग येतात. काच नुसती, लेप न दिलेली असेल तर दहा पृष्ठभागांनंतर प्रकाशाचा जेमतेम दोन-तृतीयांश भाग डोळ्यापर्यंत पोचतो. झाइसमध्ये काम करणाऱ्या अलेक्झांडर स्माकुलानं १९३५ मध्ये परावर्तन कमी करणाऱ्या लेपाचं पेटंट घेतलं आणि हे गणित बदललं. आज एकावर एक अनेक थरांचे लेप देऊन प्रत्येक पृष्ठभागावरचं नुकसान अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणता येतं. मग दहा पृष्ठभागांनंतरही पंचाण्णव टक्के प्रकाश उरतो. खोक्यावर ‘कोटेड’ लिहिलंय की ‘फुली मल्टिकोटेड’, हे वाचून घ्यावं ते यासाठी. पहिल्याचा अर्थ कुठल्या तरी एका काचेवर एक थर, एवढाही असू शकतो.

लेपाचं तंत्र आणि संगणकावर भिंगं आखण्याची सोय आता जपानपासून फिलिपाइन्सपर्यंतच्या कारखान्यांत पोचली आहे. मध्यम पट्ट्यातल्या काचांमधलं अंतर त्यामुळेच कमी झालंय. ते किती कमी झालंय हे पाहायचं होतं. गावातल्या दुकानदारानं ओळखीखातर चार दुर्बिणी बाहेर काढून दिल्या. तीन मध्यम किमतीच्या, एक खोक्याबरोबर येणारी स्वस्त. नावं देत नाही, कारण एका संध्याकाळच्या निरीक्षणावरून कुणाच्या मालाला बट्टा किंवा शाबासकी देणं बरं नव्हे. झाडीच्या कडेला, शंभर यार्डांवर, फांद्यांमध्ये एक पडलेलं शिंग टांगलं, खाली बारीक-जाड काळ्या रेघांचा तक्ता लावला. सगळ्या दुर्बिणी सहापट मोठं दाखवतील अशा लावल्या. ही अट महत्त्वाची. एक नऊपटीवर आणि दुसरी चारपटीवर ठेवून तुलना केली तर ती तुलनाच राहत नाही, आणि दुकानात नेमकं तसंच होतं.

सूर्य बुडेपर्यंत चारही सारख्याच छान. दुकानाच्या दिव्यांखाली सगळ्याच काचा लखलखीत का वाटतात, ते इथे कळतं. बुडाल्यानंतर दहा मिनिटांनी स्वस्त दुर्बिणीत शिंगाची टोकं फांद्यांत मिसळली. पंधराव्या मिनिटाला तिच्यात शिंगच सापडेना. पश्चिमेच्या फिकट आभाळाचा उजेड काचेत शिरून सगळं दुधाळ झालं होतं. उरलेल्या तिघींमध्ये टोकं मोजता येत होती. अर्ध्या तासाच्या शेवटी, कायद्यानं रायफल रिकामी करायच्या वेळी, त्या तिघींत फरक होता का? होता, पण डोळे चोळून, पुन्हा पुन्हा पाहून शोधावा लागला. सर्वात महाग होती तिच्यात कडा थोड्या अधिक रेखीव होत्या. तिघींनी जे दाखवायचं ते दाखवलं. युरोपात, जिथे चांदण्यात रानडुकराची शिकार करतात, तिथे ५६ मिलिमीटरच्या मोठ्या भिंगाला अर्थ आहे. इथे कायदाच अर्ध्या तासानं थांबवतो.

मोठ्या भिंगाचं आकर्षण इथेही सुटत नाही, म्हणून एक छोटं गणित. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीनं भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ४० मिलिमीटरचं भिंग आणि सहापट म्हणजे साडेसहा मिलिमीटरहून थोडा जास्त झोत. तरुण माणसाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर ती पाचाच्या आसपास थांबते. माझा मित्र बावन्नचा. त्याच्या डोळ्यात मावणार नाही इतका प्रकाश ४०चं भिंग सहापटीवर आधीच देत होतं. ५० मिलिमीटरचं घेऊन वरचा प्रकाश बाहुलीच्या कडेवर सांडणार, दुर्बीण जड होणार, आणि ती रायफलीच्या नळीपासून वर उचलावी लागल्यामुळे गाल दस्त्यावर टेकणार नाही. नऊपटीवर मात्र ४०च्या भिंगाचा झोत साडेचारच्या खाली येतो. संध्याकाळी पट कमी केली की चित्र उजळ होतं, ते यामुळे. कॅम्पवरच्या जुन्या मंडळींना हे गणित ठाऊक नसेल, पण दिवस कलला की त्यांचा हात आपोआप पटीच्या कड्याकडे जातो.

‘‘पण ताई, चार-ते-सोळापटवाली घेतली तर लांबचंही दिसेल ना?’’ मित्रानं विचारलंच. पॉटर काउंटीच्या जंगलात हरीण बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या आत दिसतं, आणि दिसतं तेव्हा चालत असतं. सर्वात कमी पट चार असली की चाळीस यार्डांवर दुर्बिणीत नुसते केस दिसतात, जनावराचं तोंड कुठे नि शेपूट कुठे हे कळेपर्यंत ते गेलेलं असतं. तीनपट किंवा अडीचपटीपासून सुरू होणारी दुर्बीण इथे कामाची. शिंगाची टोकं मोजायचा मुद्दा राहिला. २००२ पासून राज्याच्या बहुतेक भागांत नराच्या एका शिंगाला किमान तीन टोकं असावी लागतात. ती मोजायची हातातल्या दुर्बिणीनं. रायफलवरच्या दुर्बिणीतून न्याहाळायचं म्हणजे जे काय समोर आहे त्यावर भरलेली नळी रोखायची, आणि तो केशरी जाकीट झाडाआड गेलेला माणूसही असू शकतो. कोर्समध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात ते हेच, आणि सोळापटीची दुर्बीण विकत घेतलेले लोक पहिल्यांदा विसरतात तेही हेच.

आता स्प्रिंग. बाहेरून दिसणाऱ्या नळीच्या आत आणखी एक बारीक नळी असते. प्रतिमा सुलटी करणारी भिंगं तिच्यात बसवलेली. वर आणि उजवीकडे जी टोपणं असतात, ती फिरवली की आतले स्क्रू त्या बारीक नळीला ढकलतात. समोरून एक स्प्रिंग तिला स्क्रूवर दाबून धरते. नेम सरकतो तो असा. प्रत्येक क्लिकला शंभर यार्डांवर पाव इंचाच्या किंचित वर. आता या रचनेला थर्टी-ऑट-सिक्सचा धक्का द्या, पुन्हा पुन्हा. स्प्रिंग नरम असेल, स्क्रूचे आटे सैल असतील, तर आतली नळी धक्क्यानंतर पूर्वीच्या जागी येऊन बसत नाही. काच कितीही स्वच्छ असो, क्रॉसहेअर मग खोटं सांगू लागतं. बघणाऱ्याला त्यात काहीही वेगळं दिसत नाही.

दोन हंगामांपूर्वी हेच घडलं होतं. माझ्या मित्रानं सत्तर यार्डांवरून एका नरावर बार काढला. हरीण कुबड काढून उडालं आणि उतारावरून खाली गेलं. जागेवर जाऊन पाहिलं तर पानांवर काळपट रक्त आणि हिरवट घाण. गोळी पोटात लागली होती. अशा वेळी लगेच मागे लागायचं नसतं. हरीण बिथरून मैलभर जातं. शेजाऱ्यांनी त्याला थांबवलं. रात्री टॉर्च घेऊन दोघं निघाले. रक्ताच्या प्रत्येक ठिपक्याजवळ फांदीला टॉयलेट पेपरचा तुकडा लावत, पुढच्या ठिपक्याचा अंदाज घेत. ओढ्याजवळ माग तुटला. पेनसिल्व्हेनियात २०१८ पासून पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याकडून माग काढायला परवानगी आहे. सकाळी तसा एक माणूस कुत्रा घेऊन आला आणि दुपारी ओढ्यापलीकडे हरीण सापडलं. मेलेलं, मांस वाया गेलेलं. त्याला मरायला किती वेळ लागला असेल ते मित्रानं मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्याच संध्याकाळी रेंजवर तीच रायफल शंभर यार्डांवर डावीकडे आणि खाली, सात-सात इंच मारत होती. हरणाच्या फुप्फुस-हृदयाचा भाग जेमतेम आठ इंचांचा. चार महिन्यांपूर्वी हीच रायफल नेमाच्या मध्यावर मारत होती. तिच्यावरच्या स्वस्त दुर्बिणीनं आतल्या आत जागा सोडली होती.

म्हणून काचेपेक्षा जास्त वेळ मी या तपासणीसाठी दिला. कारागिराच्या वर्कशॉपमागे शंभर यार्डांची पट्टी आहे. तिथे त्यानं एक उंच कागद लावला, ओळंबा सोडून त्यावर सरळ उभी रेघ मारली, रायफल शिकंज्यात घट्ट केली. एक गोळीही न झाडता करायची ही चाचणी. क्रॉसहेअर रेघेच्या तळाशी आणायचं, टोपण ऐंशी क्लिक फिरवायचं, आणि क्रॉसहेअर किती सरकलं ते कागदावर वाचायचं. जवळजवळ एकवीस इंच यायला हवं. मग ऐंशी क्लिक उलटे, आणि मूळ ठिपक्यावर परत. एका दुर्बिणीनं वर जाताना बरोबर अंतर कापलं, पण परत येताना ठिपक्याच्या एक इंच आधी थांबली. कारागिरानं खिशातल्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं टोपणावर टकटक केलं, आणि क्रॉसहेअर टुणकन जागेवर गेलं. ‘‘बघितलं?’’ तो म्हणाला, ‘‘हे काम ती जंगलात पहिल्या गोळीनंतर करणार.’’ ती दुर्बीण स्वस्त नव्हती. सहाशेच्या वरची होती, टोपणांवर सुंदर कोरीव आकडे होते.

या आकड्यांच्या टोपणांचा सध्या फार बोलबाला आहे. लांबच्या अंतरासाठी टोपण फिरवून नेम उचलायचा. ल्यूपोल्ड तर तुमच्या काडतुसाप्रमाणे आकडे कोरून टोपण पाठवते. पण थर्टी-ऑट-सिक्स दोनशे यार्डांवर अचूक लावली तर शंभरावर गोळी जेमतेम दोन इंच वर लागते. त्या आठ इंचांच्या जागेसाठी दोनशे-सव्वादोनशे यार्डांपर्यंत काही फिरवायची गरजच नसते. पॉटर काउंटीत उघडं, हातानं फिरणारं टोपण म्हणजे ते जाकिटाला घासून दोन-चार क्लिक सरकायची सोय. झाकण असलेलं, एकदा लावून विसरायचं टोपण चांगलं.

‘फर्स्ट फोकल प्लेन’बद्दलही तेच. त्या रचनेत पट वाढवली की क्रॉसहेअरही मोठं होतं, त्यामुळे लांबच्या अंतरावरचे हिशेब कुठल्याही पटीवर जुळतात. डोंगरमाथ्यावरून दूर मारणाऱ्यांना ते हवंच. पण तीनपटीवर तेच क्रॉसहेअर केसासारखं बारीक होतं आणि करड्या जंगलात हरवतं. इथल्या शिकाऱ्याला जुनं ‘सेकंड फोकल प्लेन’, जाड कडांचं ड्युप्लेक्स, हेच बरं. मध्यावर उजळणारा लाल ठिपका हवा असेल तर तो पुरेसा मंद करता येतो का, एवढं अंधारात जाऊन पाहावं. बऱ्याचशा दुर्बिणींत सर्वात मंद पायरीसुद्धा इतकी प्रखर असते की ठिपका दिसतो आणि हरीण दिसत नाही. ट्रिजिकॉनची ॲक्युपॉइंट बॅटरीशिवाय, ट्रिटियम आणि फायबरवर ठिपका उजळवते. ती या पट्ट्याच्या वरच्या टोकाला किंवा किंचित बाहेर जाते.

वजनाकडे लोक दुर्लक्ष करतात. एक इंची नळीची ३-९×४०, म्हणजे तीन-ते-नऊपट आणि ४० मिलिमीटर भिंगाची, दुर्बीण साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास असते. ३० मिलिमीटर नळीच्या मोठ्या पटींच्या दुर्बिणी सहाशेच्या वर जातात. वॉरंटीत मात्र आता फारसा फरक राहिला नाही. व्हॉर्टेक्सनं पावती न मागता, मालक कुणीही असो, आयुष्यभर दुरुस्त करून देण्याचं धोरण गाजवलं. ल्यूपोल्ड आणि बरिसचंही वचन तसंच आहे. वॉरंटी पैसे वाचवते. ओढ्यापलीकडे मेलेल्या हरणाला तिचा उपयोग नसतो, म्हणून तुलनेत मी तिला खालची जागा दिली.

शेवटी मित्रानं तीनशेच्या आसपासची व्हीएक्स-फ्रीडम ३-९×४० घेतली. तपासणीत ती ठिपक्यावर परत आली होती, तिचं वजन कमी होतं आणि झाकणाची टोपणं होती. कदाचित बरिसची किंवा व्हॉर्टेक्सची त्याच किमतीची दुर्बीणही तितकीच चालली असती. विशिष्ट नग तपासून घेणं मला ब्रँडपेक्षा महत्त्वाचं वाटतं. उरलेल्या पैशांत आठपटीची हातातली दुर्बीण आणि काडतुसांची जास्तीची खोकी आली. पाचशेचा आकडा थोडा ओलांडला, त्याबद्दल वहिनींनी मलाच जबाबदार धरलं आहे.

बसवायच्या कामाला मी मुद्दाम गेले. कारागिरानं मित्राला हिवाळ्यातला जाड कोट आणायला सांगितलं होतं, ऑगस्टमध्ये. कोट घालून, डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, मग डोळे उघडायचे. चित्र कडेपर्यंत भरलेलं दिसेल तिथे दुर्बीण पुढेमागे सरकवून थांबायचं. टी-शर्टात मोजलं तर थंडीत कोटाच्या जाडीएवढा डोळा मागे राहतो आणि चित्राच्या कडा काळ्या पडतात. फार जवळ ठेवलं तर धक्क्यानं कडा भुवईवर आदळते. रेंजवर अर्धचंद्राकृती खुणेचे शिकारी सहज ओळखू येतात. डोळ्याजवळची काच क्रॉसहेअरसाठी जुळवायची ती आभाळाकडे बघून, झटकन एक नजर टाकून. टक लावली की डोळा स्वतःच तडजोड करतो आणि चूक लपते. दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणाऱ्या कड्यांचे स्क्रू त्यानं आकडे दाखवणाऱ्या पान्यानं पिळले, एका बाजूचा थोडा, मग समोरचा थोडा. ‘‘हाताच्या अंदाजानं पिळलेल्या कड्यांनी जेवढ्या दुर्बिणी बिघडल्यात, तेवढ्या कारखान्यानं बिघडवल्या नसतील,’’ असं तो म्हणाला. त्याच्या कपाटात चेपलेल्या नळ्यांचा ढीग होता, त्यामुळे मी लिहून घेतलं.

सवयीचीही एक गोष्ट त्यानं सांगितली. थंडीतून आलेली रायफल कॅम्पच्या चुलीजवळ आणायची नाही. नायट्रोजन आतली वाफ थांबवतो, बाहेरच्या काचेवर साचणारी नाही. रायफल रिकामी करून थंड ओसरीत कुलूपबंद ठेवायची. आणि पहाटे मचाणावर मागच्या काचेवर श्वास जाऊ द्यायचा नाही.

रेंजवर मित्र आता नियमित जातो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य घेतलं तेव्हा यानं पिट्सबर्गमध्ये पेढे वाटले होते. ऑलिंपिकच्या रायफलवर मोठं करून दाखवणारी दुर्बीण चालत नाही, सगळा खेळ बारीक छिद्रातून धरलेल्या नेमाचा आणि शरीराच्या स्थैर्याचा. एनसीसीतली ती सवय मित्राला परत आणायची आहे, म्हणून वाळूच्या पिशवीवरून मारणं कमी करून तो आता बसून आणि गुडघ्यावर मारतो. पॉटर काउंटीत पिशवी कुणी आणून देत नाही.

२०१९ पासून हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो. त्याआधी कॅम्पवर पोचल्यावर तीन गोळ्या कागदावर मारायच्या असं ठरलं आहे. पाच तास गाडीत हादरे खाल्लेल्या रायफलीचा नेम तपासल्याशिवाय जंगलात जायचं नाही. त्याच्या मुलीनंही कोर्स पूर्ण केला आहे आणि यंदा ती बापाबरोबर मचाणावर बसेल, शिकार न करता, हातातली दुर्बीण घेऊन. टोकं मोजायचं काम तिचं.

पुढच्या वर्षी वायोमिंगला प्राँगहॉर्न नावाच्या जनावराच्या शिकारीसाठी जायचं मित्राच्या मनात आहे. परवान्याच्या सोडतीत नाव लागलं तर. उघडं माळरान, तीनशे यार्डांची अंतरं, सतत वारा. ‘‘तेव्हा तरी चार-ते-सोळा घ्यावी लागेल ना, ताई?’’ तिथे तिचा उपयोग आहे, टोपणांचाही. तीनशेवर थर्टी-ऑट-सिक्सची गोळी सात-आठ इंच खाली येते आणि वारा तिला आणखी बाजूला ढकलतो. मी त्याला सांगितलं की गावापलीकडच्या क्लबात तीनशे यार्डांची रेंज आहे. आत्ताच्या दुर्बिणीनं, बसून, तिथे आठ इंचांच्या ताटात सलग गोळ्या बसू लागल्या की आपण पुन्हा दुकानात जाऊ.